पाडव्याची म्हैस

आमच्या घरात रोज जेवताना भांडण व्हायचं, आणि ते दादा मुद्दाम लावून द्यायचे. दादा म्हणजे माझे वडील. मंगळवार पेठेत आमचं घर. पुढच्या खोलीत त्यांची वकिली आणि मागं आमचा संसार. पहिला घास घेतला की ते विचारायचे, "शके, झाड शेजाऱ्याचं, फांदी तुझ्या रानात. आंबे तू उतरवलेस. बोल, तुझं काय म्हणणं?" मी तोंडातला घास गालात सारून बोलायला लागायची. फांदीची सावली माझ्या पिकावर पडते, पालापाचोळा मी झाडते, मग आंबा एकट्या त्याचा कसा? दादा मान हलवत ऐकायचे आणि मध्येच आमटीच्या वाटीवर बोटानं टण् करायचे. "आता उलट." मग मघाशी जे जे उभं केलं ते आपणच पाडायचं. आई चुलीपासून ओरडायची, "अहो, पोरीला गिळू तरी द्या! कोर्ट काय पळून चाललंय?" भाकरी पापुद्रा धरून फुगलेली असायची, खर्ड्याचा ठसका घरभर असायचा, आणि मला वाटायचं, ह्या घरात माझ्याइतकं श्रीमंत कुणी नाही. भाऊ नव्हता मला. दादांची नजर चाळिशीतच अधू झालेली, त्यामुळं पक्षकारांचे कागद मी त्यांना वाचून दाखवायची. इतर मुलींना स्तोत्रं पाठ असायची, मला 'वादी असे कथन करतो की' पाठ होतं.

तिथं बाळगोंडा आला.

कागलच्या पलीकडचं, कर्नाटकाला चिकटलेलं कुठलंसं गाव. जैन शेतकऱ्याचं पोर, बोर्डिंगात राहून कायदा शिकलेलं. पहिल्या दिवशी तो पुढच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर वहाणा काढून उभा होता. कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या आणि त्यातून आलेले नांगरधरे हात. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाला, "राहू द्या अक्का, मीच घेतो." मी तेव्हा चौदा-पंधराची. त्यांच्याकडं मानाच्या घरातल्या कुठल्याही मुलीला अक्का म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, हा मला म्हातारी करतोय.

दादांनी त्याला ज्युनियर म्हणून ठेवला आणि आठवडा सरायच्या आत जेवायलाही बसवला. तो दिवे लागल्यावर जेवायचा नाही, त्यांच्या धर्मात चालत नाही. तर दादांनी काय करावं? घराची वेळच बदलली. दिवस बुडायच्या आत पानं पडू लागली. आईनं त्याच्यासाठी भांडी वेगळी काढली, आणि रविवारचं मटण परसातल्या चुलीवर गेलं, तेही तो बोर्डिंगात परतल्यावर. जन्मात माझ्यासाठी ह्या घरातलं एक डबडं जागचं हललं नव्हतं. कागदही त्याच्याकडं गेले. त्याचं वाचन अडखळतं, कानडी हेल काढून; दादा मात्र असे शांत ऐकायचे जणू मंदिरात बसलेत. मी दाराआड उभी राहून त्याच्या चुका मोजायची.

आणि भांडण? त्यात तर तो ठार अडाणी. दादांनी एकदा त्याला विहिरीच्या पाण्याचा दावा घातला. एक बाजू त्यानं ठीकठाक मांडली. दादांनी वाटी वाजवली, "आता उलट." बाळगोंडाचा भाकरीचा तुकडा हातात, मान खाली. शेवटी म्हणाला, "दादा, मला पयलीच बाजू खरी वाटतीया. उलटी तोंडातनं निघंना." मी खुदकन हसले. म्हटलं, आता ह्याची खरड निघणार. दादा हसले खरे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग आईकडं वळून म्हणाले, "ऐकलंस? हा वकील व्हायचा नाही. हा न्यायाधीश होणार. हायकोर्टाच्या खुर्चीवर बसलेला बघशील तू ह्याला." मला दोन्ही बाजू येत होत्या. माझ्याबद्दल असं वाक्य दादांच्या तोंडून कधी आलं नाही. मी पानावरून उठले तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मत्सर हा शब्द मी तेव्हा स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता. आज पन्नाशी उलटल्यावर लिहिते आहे, आणि अजूनही तो लिहिताना पेन अडतं. मला वाटायचं, मी न्याय मागते आहे.

न्यायाधीश होण्याआधी तो पुढारी झाला, तेही गवळ्यांमुळं. गंगावेशीत संध्याकाळी गवळी म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला तसाच गिऱ्हाइकाच्या हातात देतात. बाळगोंडा शेतकऱ्याचा, त्याला तिथं बरं वाटायचं. म्हशींच्या हौदाला पाणी नाही म्हणून त्यानं नगरपालिकेत अर्जांवर अर्ज केले, आणि हौदाला पाणी आलं तसं गवळ्यांनी त्यालाच निवडणुकीला उभा केला. प्रचार कसला? रोज संध्याकाळी त्या दूधकट्ट्यावर जायचं, आणि एकाचं प्यालं नि दुसऱ्याचं नाही असं नको म्हणून रांगेतल्या प्रत्येक म्हशीचं घोट-घोट दूध प्यायचं. मग आमच्या ओसरीवर पोट धरून बसायचा. "काकी, ओवा हाय काय वो?" आई ओवा द्यायची आणि म्हणायची, "अरे, मतं मागतोयस का वासराचा वाटा?" निवडून आला तेव्हा सगळी पेठ आमच्या दारात. दादांनी पेढे वाटले. ताट माझ्या हातात होतं.

निवडून आल्यापासून पाडव्याच्या म्हशीचा मानही त्याच्याकडं आला. दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवतात. अंगावरचे केस भादरून नक्षी काढतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, शिंगाला मोरपिसं, आणि वाजतगाजत नदीच्या घाटावर आणतात. त्या वेळी आमच्या पेठेच्या गवळ्यांची एक रीत होती. म्हशी एका ओळीत उभ्या करायच्या, दुसऱ्याच्याच पोरांनी त्या धरायच्या आणि मालकांनी दूर पारावर बसायचं, म्हणजे कुठली कुणाची ते निवडणाऱ्याला कळू नये. निवडणारा ओळीतून फिरायचा आणि जी उत्तम तिच्या शिंगाला मानाचा फेटा बांधायचा. बाळगोंडा म्हशीची कास बघायचा, पाठ बघायचा, खूर उचलून बघायचा. त्यानं बांधलेल्या फेट्यावर कधी कुणी कुरकुरलं नाही. गवळ्यांची तोंडं माहीत असतील त्यांना कळेल, ही लहान गोष्ट नव्हे.

मग संस्थान विलीन होण्याच्या धामधुमीत त्याला दिवाणी न्यायाधीशाची नेमणूक आली, तीही गावातच. नेमणूक कच्ची होती, वर्ष-दीड वर्षानं पक्की व्हायची. त्यानं नगरपालिकेचा राजीनामा दिला आणि दादांच्या पाया पडायला आला. दादांनी दोन गोष्टी केल्या. त्याच्या कोर्टातले आपले सगळे दावे दुसऱ्या वकिलांना देऊन टाकले. गुरूनं शिष्यापुढं उभं राहायचं नाही म्हणाले. आणि त्याला समोर बसवून सांगितलं, "आजपासून कट्टा बंद. ज्याचा दावा तुझ्यापुढं येऊ शकतो त्याच्या हातचं पाणीसुद्धा नको. लोक वाईट म्हणतील. म्हणू देत."

लोक म्हणालेच. "खुर्ची मिळाली आन् दूध आंबाट लागाय लागलं." "पावणं, वळख हाय न्हवं?" असं रस्त्यात मुद्दाम मोठ्यानं विचारायचे. तो मान खाली घालून जायचा. लग्न झालेलं नव्हतं, गावी आई एकटी. कोर्ट, खोली आणि संध्याकाळी आमचं घर. एवढाच त्याचा रस्ता उरला. पाडवाही एक असाच गेला. गवळ्यांनी दुसऱ्या कुणाला तरी नेलं आणि फेट्यावरून मारामारी झाली म्हणे. तो खंगत होता हे आईला दिसलं, दादांना दिसलं. मलाही दिसलं. मला ते बघून बरं वाटायचं. लिहून टाकते एकदाचं.

त्याच्या पुढ्यात जे दावे आले त्यात एक हिंदूराव गवळ्याचा होता. हिंदूरावाच्या गोठ्याकडं जाणारा बोळ एका कापडवाल्यानं भिंत घालून बंद केला होता. दावा मुळात दादांकडचा, बाळगोंडा नगरपालिकेत गुंतलेला असतानाचा, म्हणून त्याचे कागद मीच वाचलेले. कोण कुठं राहतो, भिंत किती उंच, सगळं मला तोंडपाठ. साक्षी संपल्या होत्या, दिवाळीच्या सुट्टीनंतर निकाल होता.

त्या दिवाळीत मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. धनत्रयोदशीला दादांजवळ बसून मी धीर करून म्हटलं, "मला लॉ करायचंय." दादा बराच वेळ पायाची बोटं चोळत राहिले. म्हणाले, "बघू." आणि पाडव्याला सकाळी बाळगोंडा फराळाला आला तेव्हा त्यांनी त्याला पुढच्या खोलीत नेलं, भिंतीतलं कपाट उघडलं आणि म्हणाले, "ही सगळी तुझी. यंदा पक्का होशील, तुला लागतील. माझे डोळे आता कुठं?" ती पुस्तकं दर दसऱ्याला मी पुसायची. कुठल्या पुस्तकाची शिवण सुटलीय, कुठल्या पानावर दादांनी लाल पेन्सिल ओढलीय, मला माहीत. बाळगोंडा म्हणाला, "दादा, अक्कांस्नी लागतील की." दादा म्हणाले, "तिला काय करायचीत?" रागानं नाही, अगदी सहज. मी करंज्यांचं ताट घेऊन दारात होते. ताट खाली ठेवलं, पडू दिलं नाही, एवढं मला आठवतं.

जेवणं झाल्यावर दादा त्यांच्या जुन्या सिनियरांना भेटायला शाहूपुरीत गेले. बाळगोंडा ओसरीवर आईशी बोलत बसला होता. तेवढ्यात हलगी वाजली आणि गल्लीतून गवळ्यांचा घोळका दारात आला. पुढं म्हातारा सखोबा, सगळ्या गवळ्यांचा कारभारी.

"सायेब, चला! आवंदा फेटा तुमच्याच हातनं."

"सखोबा, न्हाई जमायचं. मी आता खुर्चीवर हाय."

"खुर्ची कोर्टात ऱ्हाती. घाटावर काय खुर्ची मांडलीया व्हय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "सायबास्नी शेणाचा वास सोसंना आता!"

"गप रं!" सखोबा म्हणाला आणि पायरी चढून वर आला. आवाज खाली आणला. "बाळू, गेल्या साली डोकी फुटली. तू बांधला तर कोन बोलत न्हाई. तू मान्सं बघत न्हाईस, म्हस बघतोस. चल की लेका."

बाळगोंडाचा चेहरा मी बघितला. वर्षभरात त्याला कुणी बाळू म्हटलं नव्हतं. तो उठून आत आला, माझ्याजवळ. "अक्का, दादा न्हाईत. तुमाला कायदा माझ्यापरास जास्त कळतो. जाऊ काय?"

आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी मला विचारत होतं. आणि मला उत्तर येत होतं. दादांनी काय सांगितलं असतं ते शब्दन् शब्द येत होतं.

मी म्हटलं, "म्हशी निवडायला कायद्याची ना आहे का कुठं? मालक तर पारावर असतात."

तो घुटमळला. "हिंदूराव असंल काय ओळीत? त्याचा निकाल ऱ्हायलाय."

आदल्याच दिवशी बाजारातून येताना मी हिंदूरावाच्या गोठ्यावरून आले होते. तो म्हशीच्या शिंगांना लालभडक हिंगूळ लावत बसला होता, आणि मला म्हणाला होता, "ताई, आवंदा बघा आमची नवी चंद्री!"

"हिंदूराव यंदा आणणार नाही म्हणे," मी म्हटलं. "त्याची म्हैस आजारी आहे."

बाळगोंडाच्या तोंडावर असं हसू आलं, जसं लहान पोराला जत्रेला सोडल्यावर येतं. पायात वहाणा घालेपर्यंत सखोबानं त्याला दंडाला धरून ओढलं होतं.

आई मला म्हणाली, "चल ग, आपणही बघू." मी गेले. घाटाच्या पायऱ्यांवर बायकांच्या गर्दीत उभी राहिले. म्हशी न्हाऊन आरशासारख्या चकाकत होत्या. बाळगोंडानं कोट काढून कुणाच्या तरी हातात दिला, बाह्या वर केल्या आणि ओळीतून चालू लागला. घाई नाही. एकीच्या पाठीवर हात फिरवला, एकीचा कान उलटा करून बघितला, एकीला दोन पावलं चालवली. परत आला, परत गेला. न्यायाधीश खुर्चीवर कसा दिसत असेल ते मी कधी बघितलं नव्हतं, पण तो त्या दिवशी दिसला तसाच दिसत असणार. शेवटी तो लाल शिंगांच्या म्हशीपुढं थांबला. मला आठवतं, मी मनात म्हणाले, पुढं जा. एक क्षणभर म्हणाले. त्यानं फेटा बांधला. चंद्री खरंच ओळीत सगळ्यांत देखणी होती. आंधळ्यालाही कळलं असतं.

हलगी कडाडली. पारावरून हिंदूराव उडी मारून धावला, आणि बाळगोंडाला काही कळायच्या आत त्यानं त्याला खांद्यावर घेतलं. गुलाल उडाला. वादीच्या खांद्यावर, डोक्यापासून पायापर्यंत लाल झालेला न्यायाधीश घाटावर नाचवला जात होता, आणि "सायबाचा न्याय! सायबाचा न्याय!" म्हणून पोरं ओरडत होती. वरच्या पायरीवर तो कापडवाला उभा होता. त्यानं टोपी नीट केली आणि वळून गेला. बाळगोंडा खाली उतरवा म्हणून हात हलवत होता. लोकांना वाटलं, आनंदानं हलवतोय.

दादा घरी आले तेव्हा तो ओसरीवर बसून होता. तोंड धुतलं होतं, पण कानामागं, केसांत, नखांत गुलाल होता.

"हे काय?" दादांनी जवळ येऊन, डोळे बारीक करून बघितलं. "कुणाचा गुलाल?"

"हिंदूरावाचा."

दादा हळूच भिंतीला हात लावून खाली बसले. "कुणी सांगितलं तुला जायला?"

मी पानं मांडत होते. हात थांबले.

"कुणी न्हाई," बाळगोंडा म्हणाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माझं मलाच जावंसं वाटलं. वरीसभर कुणी बोललं न्हवतं, दादा."

मग दादांनी विचारलं, "म्हैस चांगली होती का?"

"लई चांगली. दुसरीला बांधला असता तर खोटं झालं असतं."

"आणि निकाल?"

"लिवून ठेवलाय. दिवाळीच्या आधीच. हिंदूरावाचंच खरं हाय त्यात."

"फाड तो," दादा म्हणाले. "आता त्याच्या बाजूनं दिलास तर गुलालाचा झाला, विरुद्ध दिलास तर भीतीचा झाला. तुझ्या हातून त्या माणसाला आता न्याय मिळायचा नाही." त्यांचा आवाज फुटला. आईनं दिवा लावला. पानं तशीच राहिली.

सुट्टी संपल्यावर बाळगोंडा स्वतः होऊन जिल्हा न्यायाधीशांकडं गेला आणि सगळं सांगून आला. तोवर कापडवाल्याचा अर्ज तिथं पोचलाच होता. दावा दुसऱ्याकडं गेला, आणि पुढं निकाल हिंदूरावाच्याच बाजूनं लागला. बाळगोंडाची नेमणूक पक्की झाली नाही. त्याला कोकणातल्या एका आडगावी टाकलं. तिथं तो फार टिकला नाही. राजीनामा देऊन गावी गेला, शेती केली, नंतर पुन्हा पुढारी झाला. मोठ्या सभांतून बोलला, हारतुरे मिळवले. पण निवाडा करायला त्याला पुन्हा कुणी बसवलं नाही, आणि तेवढंच त्याला येत होतं. दादा त्यानंतर जेवताना कुणाला भांडायला लावेनासे झाले. मला त्यांनी लॉला घातलं, मी पुन्हा न मागता. मी वकील झाले, बरी झाले. दादा माझ्या एकाही खटल्याला कोर्टात येऊन बसले नाहीत. डोळ्यांचं कारण सांगायचे. आता दादाही नाहीत आणि गेल्या वर्षी बाळगोंडाही गेला. म्हणून हे लिहायचं धाडस. हयात असता तर लिहिलं असतं का, विचारू नका.

तो कोकणात निघाला त्या सकाळी दादांनी मला त्याचा डबा घेऊन एस.टी. स्टँडवर पाठवलं. स्वतः आले नाहीत. गाडी लागलेली होती, टपावर बोचकी चढत होती, कंडक्टर ओरडत होता. बाळगोंडाजवळ एक ट्रंक आणि वळकटी. दादांची पुस्तकं त्यानं आमच्याकडंच ठेवली होती. मी डबा दिला.

"अक्का," तो म्हणाला, "एक इचारू? रागवायचं न्हाई."

"विचारा."

"हिंदूरावाची म्हस आजारी हाय म्हणून तुमाला कुणी सांगितलंतं काय?"

त्यानं माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं. हो-नाही एवढंच हवं होतं त्याला. मी खरं बोलले असते तर दादांना त्यानं सांगितलं नसतं, हे मला त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं.

"दूध घालायला येतो ना, त्या पोरानं," मी म्हटलं. "त्यालाच नीट माहीत नसावं."

त्यानं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झाला. कंडक्टरनं घंटी ओढली तसा त्यानं डबा काखेत घेतला आणि पायरीवर एक पाय ठेवून मागं वळला.

"बरं झालं बघा इचारलं. माझ्या मनात तुमच्याबद्दल कायबाय आलतं. ह्या दिवसांत रोज यायचं. तुमी मला भनीसारख्या, आन् मी असलं... माफ करा मला अक्का."

"असू दे," मी म्हटलं.

आणि मी त्याला माफ केलं.